हलका माल आणि भारी पेढ्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



भरभराटीस आलेले धंदे नवीन गोष्टींना पाठ दाखवून कसे बुडतात, ह्या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. मी धंदेवाला नव्हे. मॅट्रिक होऊन शाळाखात्यात शिरलो आणि मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवर मुलांना बाराखडी शिकवीत निवृत्त झालो. तथापि मी शिंप्याचा मुलगा आहे, जव्हारच्या दुकानात चिंध्यांच्या ढिगावर बसून मी अक्षरे गिरविली आहेत. तेव्हा कापडाचे क्षेत्र सोडून मी फारसा बाहेर जाणार नाही. सुतापासून आरंभ करीन आणि आपल्या कात्रीपाशी येऊन थांबेन.

धंदा बुडाला म्हणजे मालक आळशी असला पाहिजे, व्यसनी असला पाहिजे, निदान त्याच्या मुलांनी तरी उधळपट्टी केली असली पाहिजे, अशी आपली समजूत असते. असे धंदे पुष्कळ बुडतात. त्यांच्याविषयी बोलण्यासारखे काही नाही. परंतु काही पेढ्या अशा बुडाल्या की त्यांचे चालक उद्योगी होते, हिशेबी होते, आणि आपल्या मालाचा त्यांना सार्थ अभिमान होता. ह्यांचे काय चुकले, हा खरा प्रश्न आहे.

विलायतेतील लँकेशायर प्रांताचे नाव आपल्या आजोबांच्या पिढीला चांगले परिचित होते. त्या प्रांताच्या कापडाने आपल्या विणकरांचे माग थंड पाडले. तेथे सूत काढण्याचे यंत्र असे ते ‘म्यूल’ नावाचे. म्यूल म्हणजे खेचर. सॅम्युअल क्रॉम्प्टन ह्या गृहस्थाने १७७९ साली आधीच्या दोन यंत्रांचा संकर करून हे बनविले, म्हणून हे गमतीचे नाव. ह्या यंत्राचा गाडा चात्यांसह पुढे सरके, सुताला ताण आणि पीळ देई, मग मागे येऊन ते सूत गुंडाळी. पुढे जाताना गुंडाळणे नाही, मागे येताना पीळ नाही, असे ते आलटून पालटून काम. सूत मात्र असे मऊ आणि तलम निघे की वा! त्यावर हात बसण्यास वर्षानुवर्षे जात, आणि असा कसबी कामगार आपल्या गावात मानाने राही.

पुढे अमेरिकेत ‘रिंग’ पद्धतीची चाती निघाली. तिच्यात ताणणे, पीळ देणे आणि गुंडाळणे ही तिन्ही कामे अखंड चालत. तिला विशेष कसब लागत नसे. थोड्या दिवसांत शिकविलेले माणूसही ती सांभाळी. पण तिचे सूत आरंभी जाडेभरडे निघे. लँकेशायरच्या कारखानदारांनी ती पाहिली, तपासली आणि बाजूला ठेवली. त्यांनी ती का ठेवली हे ऐकण्यासारखे आहे. एक तर त्यांची पत तलम सुतावर होती. दुसरे असे की तिकडे सूत काढणारी गिरणी निराळी आणि विणणारी निराळी. म्यूलचे सूत नुसत्या गुंडीच्या रूपाने हलके पाठविता येई, तर रिंगचे सूत जड लाकडी कांड्यांवर गुंडाळलेले असे. त्या कांड्यांची ने-आण करण्याचा खर्च कोणी सोसावा? तिसरे, जुनी यंत्रे उत्तम चालू होती आणि त्यांचे पैसे केव्हाच फिटलेले होते. मंडळी, ह्यांतील एक तरी कारण वेडेपणाचे आहे काय? मी त्या जागी असतो तर हाच निर्णय घेतला असता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारासही लँकेशायरच्या बहुसंख्य चात्या म्यूलच्याच होत्या.

आता आपल्याकडे पाहू. जमशेटजी टाटा ह्यांनी मुंबई सोडून नागपुरास गिरणी काढली. कापूस पिकतो तेथेच सूत काढावे हा त्यांचा विचार. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी हे पद धारण केले त्याच दिवशी, ती सुरू झाली म्हणून ‘एम्प्रेस मिल’ हे नाव पडले. बांधकामासाठी दलदलीची जागा भरून घेत असता एका स्थानिक सावकाराने, हा मनुष्य जमिनीत सोने पुरीत आहे असे म्हणून पैसे देण्याचे नाकारले, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्याच सावकाराने कबुली दिली की टाटांनी माती घातली आणि सोने काढले. गिरणीचा कारभार त्यांनी बेझनजी मेहता ह्यांच्याकडे दिला. हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतून आलेले. कापडाचा जुना अनुभव त्यांना नव्हता. मला वाटते, हे फार सोयीचे झाले. ज्याला जुने पाठ नसते त्याला जुने विसरावे लागत नाही.

ह्या गिरणीत १८८३ च्या सुमारास रिंग चात्यांचा प्रयोग झाला. लँकेशायरच्या पुष्कळ आधी, नागपूरच्या उन्हात, ती चाती उत्तम चालली. आपल्याकडील आखूड धाग्याच्या कापसाचे जाडे सूतच काढायचे होते. तलम सुताच्या अभिमानाचे ओझे नव्हते. शिवाय सूत आणि विणकाम एकाच छपराखाली, त्यामुळे जड कांड्यांच्या वाहतुकीचा प्रश्न उद्भवला नाही. कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतनाची आणि १९०१ साली भविष्यनिर्वाह निधीची योजना ह्याच गिरणीने केली, हेही सांगितले पाहिजे. माझ्या निवृत्तिवेतनाची मूळ कल्पना आपल्या देशात इतकी जुनी आहे, हे वाचून मला मोठे नवल वाटले.

त्या काळी मुंबईच्या गिरण्यांचे जाडे सूत चीन देशात जाई आणि लँकेशायरच्या सुतास तेथून हुसकून लावी. लँकेशायरला त्याचे फार वाईट वाटले असे दिसत नाही. जाडे सूत गेले तर गेले, तलम आपल्याकडे आहे. मग जपान आला. त्याने रिंगच्याच चात्या बसविल्या, आपलाच कापूस विकत नेला, आणि चीनची बाजारपेठ मुंबईच्या हातून काढून घेतली. जाड्या सुतापासून आरंभ करून तो पायरी पायरीने चढत गेला. साकिची टोयोडा नामक एका सुताराच्या मुलाने १९२४ साली असा स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला की धावता धोटा न थांबविता बदलता येई, आणि धागा तुटताच माग आपोआप थांबे. १९२९ साली ह्या मागाचे हक्क विकत कोणी घेतले? लँकेशायरातीलच ओल्डहॅम गावच्या प्लॅट ब्रदर्स ह्या कंपनीने. अवघ्या जगाला कापडाची यंत्रे विकणारी तीच ही कंपनी. एक लाख पौंडांचा हा करार झाला, आणि टोयोडांच्या मुलाने पुढे मोटारी बनविण्याचा उद्योग मांडला त्यास ह्या पैशाचा हातभार लागला. आज आपल्या घाटातून ज्या टोयोटा गाड्या चढतात त्यांचे मूळ एका मागात आहे! पुढे १९५९ साली ब्रिटिश सरकारने कायदा करून आपल्या गिरणीवाल्यांना जुन्या चात्या आणि माग मोडीत काढण्यासाठी पैसे दिले.

आपल्या एम्प्रेस मिलने तरी हा धडा नेहमीसाठी लक्षात ठेविला असेल, असे आपणास वाटेल. तसे झाले नाही. नव्या चातीसाठी जिने वाट मोकळी केली ती गिरणी शंभर वर्षांनी स्वतः जुनी झाली. १९८६ साली ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद पडली.

मुंबईची कथा आपणांपैकी अनेकांच्या घरात घडलेली आहे. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांचे कर्ते पुरुष साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि तो विधिपूर्वक कधी संपलाच नाही. संपाने गिरण्या बुडाल्या असे एक पक्ष म्हणतो, मालकांनी नफा यंत्रांत न घालता अन्यत्र नेला म्हणून बुडाल्या असे दुसरा म्हणतो. सरकारनेही १९५६ पासून गिरण्यांना नवे माग वाढविण्यास बंधने घातली होती, ही गोष्ट दोन्ही पक्ष सोयीप्रमाणे विसरतात. माझ्या मते दोष वाटून घ्यावा इतका मोठा आहे. तथापि एक गोष्ट त्या संपाच्या कितीतरी आधीपासून चालू होती, आणि ती आपल्या वाटेवर, भिवंडीत घडत होती.

जव्हारहून वाड्यामार्गे भिवंडीस गेलो की गल्लीगल्लीतून जो खटखटाट ऐकू येतो तो यंत्रमागांचा. ह्यांतील कित्येक माग आरंभी मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले होते. भिवंडीच्या, मालेगावच्या आणि इचलकरंजीच्या लोकांनी ते घेतले, एका पत्र्याच्या छपराखाली चार-सहा बसविले, आणि गिरणीला ज्या कापडात रस नव्हता ते स्वस्त, साधे कापड विणण्यास सुरुवात केली. परकराचे, अस्तराचे, पातळ लुगड्याचे. गिरणीतील अधिकाऱ्याने ते कापड बोटांत धरून हसून खाली टाकले असेल, अशी माझी कल्पना आहे. ह्या छोट्या मागवाल्यांना गिरणीसारखे कायदे आणि कर लागू नव्हते, हेही खरे. स्पर्धा सरळ नव्हती. परंतु गिरण्यांनी साधे कापड सोडले, मग मध्यम सोडले, आणि सोडता सोडता त्यांच्यापाशी जमीन तेवढी राहिली. आज देशातील एकंदर कापडात गिरण्यांचा वाटा अगदी थोडा आहे. आणि गंमत अशी की, ज्यांनी गिरण्यांना मागे टाकले त्या भिवंडीच्या धोट्याच्या मागांना आता बिनधोट्याच्या नव्या मागांनी गाठले आहे. भिवंडीतही माग वजनावर विकले जात आहेत.

कोणी विचारील, की मग प्रत्येक जुन्या पेढीच्या कपाळी हेच लिहिलेले आहे काय? तसे नाही. तहसील कचेरीच्या बाहेर टंकलेखक बसत, त्यांच्यापुढील बहुतेक यंत्रांवर गोदरेज हे नाव असे. ह्या कंपनीने १९५५ साली देशी बनावटीचा टंकलेखन यंत्र काढला, अर्धशतकाहून अधिक काळ तो विकला आणि २००९ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबविले. यंत्र गेला, कंपनी राहिली. १८९७ साली कुलपांपासून निघालेल्या त्या घराण्याने मधल्या काळात तिजोऱ्या, कपाटे, शीतकपाटे अशा कितीतरी वस्तू हाती घेतल्या होत्या. एका वस्तूवर जीव टांगून ठेविला नव्हता.

आता कात्रीपाशी येतो.

आपल्या जातीचा यंत्राशी पहिला परिचय भांडणाने झाला आहे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए ह्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसला सैनिकांचे गणवेश शिवण्यासाठी ऐंशी यंत्रांचा कारखाना मांडला. तेथील शिंप्यांच्या जमावाने आत घुसून ती यंत्रे मोडून टाकली. थिमोनिए दारिद्र्यात वारला. आपल्याकडे असे काही झाले नाही. उलट यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान दिला. माझे आजोबा हाताने शिवीत. वडिलांनी पायमशीन आणले तेव्हा आजोबा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, असे आजी सांगे. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःची बंडी त्यावर शिवून मागितली.

तेव्हा वडील हे नवे माणूस होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, म्हणजे पुढची कळेल.

आमच्या दुकानाची खरी सुगी होळीपूर्वी असे. दिवाळीनंतर पाड्यांवरची कुटुंबे वाडा, भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर कामास जात आणि होळीस घरी परतत. हाती मजुरीचे चार पैसे असत. वारली, कोकणा, कातकरी मंडळी मुलाबाळांना घेऊन येत, तागा पसंत करीत, आणि वडील एकेकाचे माप घेऊन वहीत लिहीत. शिमग्याच्या आधी पंधरा दिवस दुकानात कंदील विझत नसे. अशात एके वर्षी उल्हासनगरचा माल विकणारा एक व्यापारी आला. त्याने वडिलांना विचारले, की शंभर चड्ड्या आणि शंभर सदरे तीन ठरीव मापांत शिवून द्याल काय? कापड त्याचे, दोरा त्याचा, मजुरी नगावर. वडील म्हणाले, “माणूस समोर उभा नसता मी कात्री चालवीत नाही.” तेव्हा मी नुकताच नोकरीस लागलेला, रविवारचा घरी आलो होतो. वडिलांचे ते उत्तर मला इतके बाणेदार वाटले की शाळेत जाऊन मी ते सहकाऱ्यांना सांगितले.

तो व्यापारी दुसरीकडे गेला. प्रथम त्याच्या कपड्यांची आम्हाला भीती वाटली नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक आमचे नव्हतेच. ज्यांना शिलाई परवडत नव्हती, जे एरवी मुलाला चिंधी गुंडाळून ठेवीत, ते लोक ते कपडे घेत. बटणे दुसऱ्या धुण्याला तुटत, शिवण उसवे. वडील ती उसवलेली शिवण मला दाखवीत आणि हसत. मग काही वर्षांनी असे झाले की होळीला परतणारी मंडळी भिवंडी-कल्याणच्या बाजारातूनच अंगावर नवे कपडे घालून गाडीतून उतरू लागली. शिवण आता तितकी उसवत नव्हती. वडिलांनी आपली मापांची वही काढून पाहिली. वहीत होते ते सर्व जुने, चांगले गिऱ्हाईक अजून येतच होते, कोणाची तक्रार नव्हती. जे येत नव्हते त्यांची नावे वहीत कोठून असणार? वडिलांचा हिशेब चुकला नव्हता. लँकेशायरवाल्यांचाही चुकला नव्हता. दुकान मात्र बंद झाले, आणि माझा धाकटा भाऊ ठाण्यास एका कारखान्यात रखवालदार झाला.

हे मी इतक्या विस्ताराने का सांगितले, त्याचे कारण सांगून संपवितो.

आपल्या मंडळाचा एक लहानसा साहाय्यनिधी आहे. त्यातून समाजातील होतकरू कारागिरास शिवणयंत्रासाठी बिनव्याजी रक्कम देण्याचा प्रघात आहे, आणि ‘नवीन कपडे शिवण्याचा व्यवसाय’ असे शब्द नियमात आहेत. गेल्या वर्षी आपल्याच एका सूनबाईंचा अर्ज आला. त्या तयार विकत घेतलेले कपडे अंगाबरहुकूम आखूड-तोकडे करून देतात, साखळ्या बदलतात, आणि लग्नसराईत शिवलेल्या नऊवारी साड्या तयार करतात. मुलींना काष्टा नेसता येत नाही, ती साडी पायजम्यासारखी चढविता येते. मोटारीच्या यंत्रासाठी त्यांनी रक्कम मागितली होती. बैठकीत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, दुसऱ्याने शिवलेले उसवायचे हे काय शिंप्याचे काम? आणि नऊवारी लुगड्याला शिवण घालायची हा तर प्रकारच अशोभनीय. सर्वजण हसले. अर्ज नियमात बसत नाही असे ठरले.

हात वर करणाऱ्यांत मी होतो. वडिलांच्या बाणेदार उत्तराची गोष्ट मी त्याही दिवशी सांगितली होती.

त्यानंतर मी एकदा त्या बाईंच्या घरी गेलो. पडवीत एका बाजूस पिशव्यांची रास होती, प्रत्येक पिशवीवर गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी: खोडाळा, विक्रमगड, मोखाडा. त्यांच्यापाशी वही नव्हती. दूरध्वनीतच सारे टिपलेले. मी विचारले, माप कसे घेता? त्या म्हणाल्या, “काका, माणूस येत नाही, जुना बसणारा कपडा पाठवतात, त्यावरून घेते.” दोन नाही, तीन वेळा त्यांनी मला चहाचा आग्रह केला. वडिलांचे पायमशीन आमच्या माळ्यावर धूळ खात पडले आहे, ते मी त्यांना देऊ केले. त्यांनी ते पाहिले आणि नम्रपणे सांगितले, की ह्याचा त्यांना उपयोग नाही, वेग पुरत नाही.

तो अर्ज येत्या बैठकीत पुन्हा ठेवावा आणि नियमातील ‘नवीन कपडे’ हे शब्द काढून टाकावेत, अशी लेखी सूचना मी चिटणीसांकडे दिली आहे. तिला अनुमोदन देणाऱ्या एका सभासदाची सही अद्याप हवी आहे. व्याख्यान संपल्यावर मी येथेच व्यासपीठाच्या डाव्या बाजूस बसलेला असेन; कागद आणि लेखणी माझ्यापाशी आहे.